कपाटातली तळची फळी

आमच्याकडच्या कुठल्याही एसटी स्टँडवर पुस्तकांच्या टपरीसमोर उभे राहा. वर दोरीला व्रतकथा आणि आरतीसंग्रह टांगलेले, खाली तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक भरतीची गाईडं, आणि मधे, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, माणसाला सुधारणारी पुस्तकं. श्रीमंत व्हा. लोकांना जिंका. पहाटे पाचला उठा. पाचला उठायला आमच्याकडे पुस्तक लागत नाही, म्हशी आहेत.

या पुस्तकांशी माझं वैर नाही. भरतीच्या गाईडांशी तर नाहीच, त्यांच्या जोरावर गावातली काही पोरं खाकीत गेली. पण कथा-कादंबरी सोडून जे वाचायचं ते एवढंच, हा जो समज खेड्यात पक्का होत चाललाय तो मला खुपतो. गोष्टीची पुस्तकं म्हणजे टाइमपास आणि बाकीची म्हणजे फायद्याची, अशी सरळ वाटणी झाली आहे. आता फायद्याचंच म्हणाल, तर मला सगळ्यात जास्त ज्या पुस्तकांनी दिलं त्यांतलं एकही माझा फायदा व्हावा म्हणून लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला काहीतरी सांगितल्यावाचून राहवत नव्हतं, एवढाच त्याचा स्वार्थ.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातला. सोयाबीन, तूर, पाणी असलं तर हरभरा. गावात ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्या कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर अशी वाचनालयं गावोगावी टिकून आहेत. आमचं ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आहे. एक टेबल, चार खुर्च्या, पेपर ठेवायचा लाकडी स्टँड आणि दोन लोखंडी कपाटं. वरच्या फळ्यांवर कादंबऱ्या, हाताळून कडा काळ्या झालेल्या. मधे स्पर्धा परीक्षा. तळच्या फळीवर जाडजूड पुठ्ठ्याची पुस्तकं, काहींवर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का, आत तारखा मारायची चिठ्ठी कोरी करकरीत. ही पुस्तकं कोणी मागितलेली नसतात. ती येतात, रजिस्टरला चढतात आणि खाली बसतात. ती काढायला उकिडवं बसावं लागतं, त्यामुळे चाळिशी उलटलेला वाचक तिथवर जातच नाही. मी गेलो कारण त्या दिवशी पेपर आला नव्हता.

तळच्या फळीचा एक गुण असा की तिथल्या पुस्तकाबद्दल तुम्हाला आधी कोणी काही सांगितलेलं नसतं. गाजलेलं पुस्तक हातात येतं ते पाहुण्यांची फौज घेऊनच. कोणी त्याला थोर म्हटलेलं असतं, कोणाचं आयुष्य त्याने बदललेलं असतं, आणि आपलं बदललं नाही तर आपल्यातच खोट आहे असं वाटायला लागतं. अनोळखी पुस्तकापाशी तुम्ही एकटे असता. लिहिणारा खरं बोलतोय का थापा मारतोय, पाहिलेलं सांगतोय का ऐकलेलं, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं. ठरवता येतं, हे कळायला मला बराच काळ लागला. मोठमोठ्या विधानांवरून ते कळत नाही, बारक्या गोष्टींवरून कळतं. ज्याने विहीर पाहिली आहे तो तिच्या पायऱ्यांबद्दल बोलतो, न पाहिलेला पाण्याच्या पावित्र्याबद्दल.

आपला तालुका पुस्तकात पहिल्यांदा भेटला तेव्हाची गोष्ट सांगतो. अबुल फजलचं ‘आइन-ए-अकबरी’ म्हणजे अकबराच्या राज्याचा लेखाजोखा. कुठल्या सुभ्यात किती सरकारं (म्हणजे तेव्हाचे जिल्हे), महसूल किती, काय पिकतं, हत्तीला रोज खायला काय घालायचं, हेसुद्धा. सोळाव्या शतकाच्या अखेरीला वऱ्हाड मुघलांकडे गेला, त्यामुळे त्यातही वऱ्हाडचा सुभा आला आणि त्या सुभ्यात मेहकरचं सरकार आलं. इंग्रजी भाषांतर समोर, शेजारी डिक्शनरी, असं बोट ठेवत वाचत होतो आणि लोणार आलं. तिथल्या ब्राह्मण लोकांच्या लेखी ते तीर्थ कसं आहे ते सांगून अबुल फजल लगेच कामाचं बोलतो: इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं. संपलं. दिल्ली-आग्र्याकडच्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी आमच्या खाऱ्या तळ्याकडे पाहिलं ते असं, कारखानदाराच्या नजरेने.

लोणारचा खड्डा उल्केच्या आघाताने झाला हे शास्त्रज्ञांनी पक्कं केलं १९७३ मध्ये, आणि त्यासाठी जे पुरावे लागले त्यांत एक होता आघाताच्या दाबाने काचेसारखं बनलेलं खनिज. अबुल फजलच्या काचेचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीपण दोन्ही गोष्टी एकाच खड्ड्याच्या काठावर ठेवून बघायला मला आवडतं. शाळेच्या सहलीत आम्हाला लोणार दाखवलं होतं तेव्हा एवढंच सांगितलं होतं की कडेला जाऊ नका.

सरकारी दप्तरातून निघालेली पुस्तकं अशी मधेच चमकतात, पण ती सगळी वाचावी असं मी कोणाला सांगणार नाही. आल्फ्रेड लायल या इंग्रज अधिकाऱ्याने तयार केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर १८७० चं. माहिती खच्चून भरलेली, आणि पानापानावर राज्य करणाऱ्याची मान ताठ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रेल्वे आली ती त्या कापसामागे. जलंबहून खामगावला जाणारा तो इवलासा फाटा आम्ही लहानपणी गंमत म्हणून बसायचो, तो खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी टाकलेला. अशा पुस्तकांमुळे भाव नावाची चीज कुठे ठरते हे कळतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला लढाई झाली की आमच्याकडे पाटलाच्या वाड्याला नवा दरवाजा बसतो, आणि लढाई थांबली की सावकार तो दरवाजा वाजवतो. या हंगामात ब्राझीलमध्ये सोयाबीन किती पिकलं हे विचारणारा आमचा गडी काही नवं विचारत नाही. असो. लायलसाहेबाला मी इतकेच गुण देतो.

ताराबाई शिंदे यांना मात्र पैकीच्या पैकी, आणि त्या तर आमच्याच जिल्ह्याच्या. बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. मग ते जे गडप झालं ते जवळजवळ शंभर वर्षं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं की असं काही होतं. बुलढाणा जिल्ह्यात माझं सगळं शिक्षण झालं आणि त्या सगळ्या शिक्षणात हे नाव एकदाही कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी ते वाचलं मोबाईलवर, कॉलेज सोडून बरीच वर्षं झाल्यावर.

निमित्त सुरतेचं. विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेने जन्मलेलं मूल मारलं, १८८१ मध्ये तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. त्यावर बुलढाण्यातल्या या बाईंनी लेखणी उचलली. स्त्रीच्या दुर्गुणांची यादी देणारा एक संस्कृत श्लोक त्या घेतात आणि एकेक दुर्गुण उचलून विचारतात, हा बायकांतच आहे का? साहस, कपट, सगळं पुरुषांच्या पदरात परत टाकतात. त्यांची भाषा पुस्तकी नाही. हापशावर नंबर लावून उभ्या बाईने दांडगाई करणाऱ्याला सगळ्यांदेखत सुनवावं तशी ती येते, एका श्वासात, मधे थांबायला जागा न ठेवता. आणि सुनावता सुनावता त्या मधेच असं काही म्हणून जातात की हसू फुटतं. देवादिकांना सोडत नाहीत, पोथ्यापुराणांतल्या राजांना सोडत नाहीत. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला मोकळा असलेला नवरा आणि नवरा मेला की जन्माची कोंडली जाणारी बायको, हा हिशोब त्या पुन्हा पुन्हा मांडतात. वाचताना माझ्या आत्या, माझी मोठी काकू, एकेक जण समोर येऊन बसली.

त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंनी मात्र त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिल्याचं आढळत नाही. माझ्या मते मराठी गद्याचं हे एक मोठं नुकसान आहे, आणि याची चर्चा जेवढी व्हायला पाहिजे तेवढी होत नाही. हे पुस्तक मी घरात मोठ्याने वाचलं. बायकोने मधेच भाकरीचा हात थांबवून विचारलं, “हे कोण बाई? बुलढाण्याच्या? मंग याह्यचा पुतळा काहून नाई स्टँडवर?” मला उत्तर देता आलं नाही.

ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरी सोडून बाकीचं लिखाण, म्हटलं की लोकांना वाटतं हा प्रकार इंग्रजांबरोबर आला. मराठीत उलटं आहे. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकातला, आणि तो कल्पित नाही. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी कसे बोलले, कुठे थांबले, काय खाल्लं, कोणाला काय म्हणाले, याच्या आठवणी आहेत त्या. स्वामी निघून गेल्यावर त्यांच्याच पंथातल्या म्हाइंभटांनी गोळा केलेल्या. लिहिला गेला आमच्या वऱ्हाडात, रिद्धपूरला. आज ते अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात येतं, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे.

या ग्रंथात मला भक्तीपेक्षा म्हाइंभटांची शिस्त धरून ठेवते. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हेने सांगितला असेल तर ते एक पुसून दुसरा ठेवत नाहीत. अमक्याने असं सांगितलं, अमकीने तसं, अशी नोंद होते. कोणाच्या आठवणीत गाव वेगळं, कोणाच्या आठवणीत शब्द वेगळा, तर तेही राहतं. हिराइसा नावाच्या एका शिष्येची आठवण इतकी पक्की मानली गेली की तिच्या पाठाला वेगळा मान. मूळ प्रत पुढे धामधुमीत गेली, तेव्हा ज्यांच्या तोंडी होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, आणि तेव्हाही कोणाचा पाठ कुठला ते सोडलं नाही. नंतर महानुभावांनी हे सगळं सांकेतिक लिपीत लिहून मठांत जपलं. विसाव्या शतकात त्या लिपीची उकल झाल्यावर बाहेरच्या माणसाला ते वाचता आलं. वि. भि. कोलते यांनी संपादलेली प्रत राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली. कोलते बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. शेतकऱ्याचा पोरगा, पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी येतं. कांद्याचा रस कानात घाला, अमुक बँक बुडाली, तमक्या देवळात चमत्कार झाला. कोणी सांगितलं, कुठून आलं, याचा पत्ता नाही. मी एकदा विचारलं तर मला ग्रुपमधून काढलं. दोन दिवसांनी परत घेतलं, कारण पीकविम्याच्या तारखा मीच टाकतो. अशा वेळी रिद्धपूरच्या देवळात बसून ‘हे हिने सांगितलं, हे त्याने’ असं लिहिणारा तो माणूस मला सातशे वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

जुन्या मराठीची भीती वाटते लोकांना. पहिली काही पानं मलाही जड गेली, नाही असं नाही. मग लक्षात आलं की यातले बरेच शब्द माझी आजी बोलायची. वाक्यं तर चार-चार शब्दांची. मी तर म्हणेन, शहरात शिकलेल्या वाचकापेक्षा वऱ्हाडातल्या खेड्यातल्या माणसाला हा ग्रंथ लवकर उघडतो, आणि नेमक्या त्यालाच तो कोणी देत नाही.

परक्या मुलखातल्या पुस्तकांतलं एकच सांगतो, कारण त्याने मला माझ्या वावरात खाली बसायला लावलं. चार्ल्स डार्विनचं नाव घेतलं की माकड आठवतं. पण त्याने शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर, १८८१ मध्ये. पुढच्या वर्षी तो वारला. जगाची झोप उडवणारा सिद्धांत मांडून झालेला म्हातारा, घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून बसला. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, मुलाकडून बॅसून नावाचं फुंकायचं वाद्य वाजवून घेतलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तशी ती सर्रकन बिळात. आवाज नाही, हादरा कळतो. पानं बिळात ओढताना ती कुठलं टोक धरतात हे पाहायला त्याने कागदाचे त्रिकोणी तुकडे कापून टाकले. शेतात १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरले होते, ते १८७१ मध्ये खणून पाहिलं. २९ वर्षं. खडूचा पांढरा पट्टा सात इंच खाली गेलेला, वरची माती गांडुळांनी आणून घातलेली.

एकोणतीस वर्षं एका चरासाठी थांबायचं! आम्हाला सोयाबीन निघेपर्यंत दम निघत नाही. आमच्याकडे गांडूळखताच्या योजनेतून शेड झाली, हौद झाले. बहुतेक शेडांत आज बकऱ्या बांधतात, आणि बकऱ्यांना त्या सोसतातही छान. योजनेच्या पत्रकात गांडूळ म्हणजे ‘शेतकऱ्याचा मित्र’, पुढे किलोचा भाव. डार्विनने त्याला मित्र वगैरे म्हणण्यात वेळ घातला नाही, नुसतं पाहिलं, मोजलं, पुन्हा पाहिलं. ते वाचल्यावर पावसाळ्यात मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जिथे वखर जात नाही आणि तणनाशक पोचत नाही, तिथली ढेकळं हाताने फोडून बघितली. गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गुठळ्या, ओल्या, एकावर एक रचलेल्या. दहा पावलं आत, फवारलेल्या ओळींत, त्या नव्हत्या. मी शास्त्रज्ञ नाही, यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण त्या धुऱ्यावर मी तणनाशक मारणं बंद केलं. शेजाऱ्याला वाटतं मी आळशी झालो.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ कोणाला ठाऊक नाही म्हणता येणार नाही, पण नाव ठाऊक असणं आणि वाचणं यात अंतर आहे. कर्जापायी पेणजवळच्या वरसईहून दक्षिणा मिळवायला निघालेला भिक्षुक १८५७ च्या वणव्यात सापडतो, झाशी पडताना झाशीत असतो. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. त्यात मला राणीच्या घोड्यापेक्षा दक्षिणेचा हिशोब मोठा वाटतो. कुठे किती मिळाली आणि कुठे लुटली गेली, हे हा माणूस विसरत नाही. म्हणूनच काल्पीच्या वाटेवर धुळीने भरलेली राणी स्वतः विहिरीतून पाणी काढून ओंजळीने प्यायली हे तो सांगतो तेव्हा विश्वास बसतो. पैशाच्या बाबतीत इतका नेमका असणारा पाण्याच्या बाबतीत कशाला खोटं बोलेल?

आता रानडुकरांचं.

हिवाळ्यात हरभरा घाट्यावर आला की आम्हाला जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जावं लागतं. रोही, म्हणजे नीलगायी, शेंडे खातात, डुकरं मुळासकट नांगरून काढतात. साड्या बांधून झाल्या, फटाके झाले, कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं झटका मशीन झालं. ज्याच्याकडे मशीन तो निवांत, डुकरं त्याच्या शेजारच्याकडे. त्यात वीज रात्रीची, म्हणजे ओलितही रात्रीच. राखणीच्या माळ्यावर दोघं-तिघं असलो की गप्पा संपतात, मोबाईलची रेंज जाते-येते. त्यामुळे मी एखादं पुस्तक आधीच डाउनलोड करून ठेवतो. साहित्य संस्कृती मंडळाच्या वेबसाइटवर कितीतरी ग्रंथ फुकट आहेत, हे अजून फार जणांना माहीत नाही. पडद्याच्या उजेडावर बारीक किडे येऊन बसतात. ते बोटाने बाजूला करायला जावं तर पान पलटतं.

शेजारच्या वावरातले नाना जागलीला आमच्या माळ्यावर येतात. सत्तरीचे. सही करतात, पेपर वाचत नाहीत. म्हणतात, “वाच ना बापू मोठ्यानं, तेवढीच झोप नाई येत.” तर मी ‘शेतकऱ्याचा असूड’ लावलं. जोतीराव फुल्यांनी हे १८८३ मध्ये लिहून पुरं केलं. लिहिता लिहिताच ते पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर असं ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवत होते. म्हणजे हे पुस्तक मुळात ऐकायचंच आहे, आणि माळ्यावर ते बसतं बरोबर. शाळेत आम्हाला यातल्या फक्त त्या ‘विद्येविना मति गेली’च्या ओळी होत्या, फळ्यावर सुविचार म्हणून लिहायला. त्या ओळींच्या मागे अख्खं पुस्तक उभं आहे हे शाळेने सांगितलं नाही. कुळकर्ण्याची लेखणी कशी चालते, शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, कचेरीत माणसाचा दिवस कसा जातो. चौथ्या प्रकरणात ते शेतकऱ्याच्या घरात शिरतात आणि कोपरा न् कोपरा दाखवतात. नाना तिथे “हाव” म्हणत होते, अधूनमधून.

पाचव्या प्रकरणात उपाय आहेत. बांध-ताली घाला, पावसाचं पाणी आधी सगळ्या शेतांत मुरू द्या आणि मग ते ओढ्या-नाल्याला मिळू द्या, आणि त्यासाठी लष्करातली, पोलिसातली रिकामी माणसं लावा, असं फुले सांगतात. आमच्या शिवारात पाणलोटाचे बांध गेल्या काही वर्षांत झाले, त्याला नवीन नाव होतं, नवीन फलक होता. नाना म्हणाले, “हे त लवकर सांगतलं होतं त्याह्यनं.”

आणि मग ते पान आलं. फुले म्हणतात, सरकार शेतकऱ्याला साधी गावठी बंदूक बाळगू देत नाही. ठीक आहे. मग डुकरांपासून पिकं राखायचं काम सरकारने पोलीसखात्याकडे द्यावं. त्यावरही डुकरांनी शेत खाल्लं, तर ते नुकसान वरच्या अंमलदारांच्या पगारातून कापून नाहीतर सरकारी खजिन्यातून शेतकऱ्याला भरून द्यावं, असा कायदा करावा.

मी वाचायचा थांबलो. खालच्या अंगाला, नाल्याकडून, खुसपुस ऐकू येत होती. कोणीतरी डबा वाजवला.

“कोणत्या सालचं म्हणतं तू हे?”

“अठराशे त्र्याऐंशी.”

“म्हंजे तवाई डुकरं होते.”

“होते ना नाना.”

“अन् पगारातून कापा म्हणे?”

“वरच्या साहेबाच्या.”

नाना बराच वेळ हसले. हसता हसता खोकले, बिडी विझली ती परत पेटवली. आज भरपाई मिळते, नाही असं नाही. अर्ज करायचा, वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक येऊन पंचनामा करतात, फोटो काढतात, आणि तोवर डुकरांनी उकरलेली जागा पाण्याने बसून सपाट झालेली असते. मागच्या हंगामात नानांच्या पंचनाम्यात नुकसान इतकं कमी लिहिलं गेलं की आलेले पैसे तालुक्याला खेटे मारण्यातच गेले. त्या रागावर त्यांना आजवर शिवीशिवाय दुसरा शब्द सापडला नव्हता.

मी पुढचं पान काढत होतो तर त्यांनी हात धरला.

“पुढचं राहू दे. हेच एक डाव अजून वाच. सावकाश.”

मी वाचलं. ‘पगारातून’ आलं की ते मान डोलवायचे. मग त्यांनी विचारलं, हे पान कागदावर निघतं का. मी म्हटलं, निघतं, मेहकरला झेरॉक्सवाल्याकडे मोबाईलवरून प्रिंट काढून देतात.

“मंग दोन काढ. येक माह्यापाशी ठेवतो. दुसरं अर्जाले टाचतो. खाली लेहून देजो, महात्मा फुले, साल सकट. बघू साहेब काय म्हणते.”

प्रिंट मी काढून दिली, साल टाकून. अर्ज गेला आहे. पंचनाम्याची तारीख अजून आलेली नाही.